कागलच्या बायजाबाई, फॅनी मड्डम आणि तिरके खोगीर

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीज उरकली, पाहुणे पांगले, फराळाच्या डब्यांच्या तळाशी चकल्यांचे तुकडे तेवढे उरले, आणि त्या दुपारी आमच्या सौ.च्या मैत्रिणी घरी जमल्या. या पाच जणींची भिशी गेली वीस वर्षे अखंड चालू आहे. आमचा जिल्हा दुभाषी, तशी ही भिशीही दुभाषीच. दोघींच्या घरी कन्नड, तिघींच्या घरी मराठी. वाक्य मराठीत सुरू होते आणि कन्नडात संपते, पण कोणाचे काही अडत नाही.

सगळ्या पन्नाशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. एकीची दोन्ही मुले परदेशात. एकीचे गुडघे जिना चढू देत नाहीत. एकीच्या यजमानांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली असून ते दिवसभर घरात असतात, हीच तिची तक्रार. एकीचे यजमान तीन वर्षांपूर्वी अचानक गेले. पाचवी आमची सौ. तिची तक्रार कोणती, हे मला विचारू नये.

माहेरपणाला आलेल्या आमच्या कन्येने त्यांच्यासाठी टीव्हीवर एक फ्रेंच चित्रपट लावून दिला होता. ‘ले सिक्लाद’ नावाचा, मार्क फितुसी या दिग्दर्शकाचा, २०२२ सालचा. शाळेत जिवाभावाच्या असलेल्या दोन मैत्रिणी पुढे दुरावतात आणि थेट चाळिशीनंतर पुन्हा भेटतात. एकीचा संसार मोडलेला, म्हणून ती मिटून गेलेली. दुसरी कर्जात बुडालेली, तरी बेफिकीर. दोघी मिळून ग्रीसच्या बेटांवर प्रवासाला निघतात आणि सगळेच उलटे घडत जाते. मी शेजारच्या खोलीत सहामाहीचे पेपर तपासत होतो. हसण्याचे असे लोट येऊ लागले की नववी ‘ब’च्या गुणांची बेरीज मला तीनदा करावी लागली.

“अगदी आपल्या ‘झिम्मा’सारखंच की गं!” सौ. म्हणाली. हेमंत ढोमे यांचा २०२१ सालचा तो मराठी चित्रपट वाचकांना आठवत असेल. निरनिराळ्या वयाच्या बायका घरदार मागे ठेवून इंग्लंडच्या सहलीला जातात, एवढीच त्याची गोष्ट. आमच्या गावी तो या पाचही जणींनी मिळून दोनदा पाहिला होता.

मी लाल पेन हातात घेऊनच दारात गेलो आणि म्हणालो, “पन्नाशीच्या बायकांनी खिदळायचं, आणि त्याला कथा म्हणायचं! फ्रेंचांना दुसरा उद्योग दिसत नाही.”

खोली शांत झाली. मग सौ. म्हणाली, “अहो, तुमच्या इतिहासातल्या बायका सती जातात, लढतात, नाहीतर रडतात. त्या कधी हसत नव्हत्या का?” आणि मी उत्तर जुळवेपर्यंत तिने पुढची बातमी सांगितली, “आम्ही पाची जणी डिसेंबरात ग्वाल्हेरला जाणार आहोत. वन्संना फोन झालाय.”

माझी थोरली बहीण लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्करात गेली, त्याला आता चाळीस वर्षे होतील. “या वयात? एकट्या?” मी विचारले.

“पाच जणी एकट्या कशा हो?” गुडघेवाल्या बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी हरलो. पण सौ.चा प्रश्न डोक्यातून जाईना. तीस वर्षे इतिहास शिकवतो आहे. इतिहासातली बाई हसताना मी वर्गात एकदाही दाखवलेली नव्हती.

प्रथम मी रंगभूमीकडे वळलो, कारण फ्रेंच विनोद हा मराठी माणसाचा जुना पाहुणा आहे. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ पाहून आपल्या तीन-चार पिढ्या हसल्या. त्याचे मूळ मर्फी या लेखकाच्या इंग्रजी नाटकात, आणि त्या इंग्रजी नाटकाचे मूळ मोलिएरच्या १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनात. पण १९१६ साली ‘संशयकल्लोळ’ रंगमंचावर आले तेव्हा त्यातील स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत होते. मोलिएरने पुढे १६७२ साली विदुषी स्त्रियांची टर उडवणारे एक नाटक लिहिले. आपल्याकडे खाडिलकरांनी १९०७ साली ‘बायकांचे बंड’ लिहिले. गंमत अशी की काही वर्षांतच गिरिजाबाई केळकर यांनी त्याला उत्तर म्हणून ‘पुरुषांचे बंड’ लिहिले, आणि १९२८ साली याच गिरिजाबाई नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे फार काळ चार बायका एकत्र आल्या की प्रेक्षकांनी त्यांना हसायचे, अशी रीत होती. चार बायका एकत्र येऊन स्वतः हसतात आणि प्रेक्षक त्यांच्याबरोबर हसतो, ही गोष्ट रंगमंचावर यायला वेळ लागला.

परंतु ही नाटकातली गोष्ट झाली. मला प्रत्यक्षातली हवी होती. ती सापडली ग्वाल्हेरच्याच इतिहासात, आणि तिच्यातली नायिका निघाली आपल्या शेजारच्या कागलची.

निपाणीहून कोल्हापूरला जाताना कागल लागते. तिथल्या घाटगे घराण्यात १७८४ साली बायजाबाईंचा जन्म झाला. वडील सखाराम ऊर्फ सर्जेराव घाटगे. हे नाव पुणेकरांनी कधीच चांगल्या अर्थाने घेतले नाही. दौलतराव शिंद्यांच्या वतीने त्यांनी पुण्यात केलेल्या वसुलीच्या कथा प्रसिद्ध आहेत. १७९८ साली पुण्यात बायजाबाईंचा विवाह दौलतरावांशी झाला. १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपल्या फौजेचा तळ कायमचा ठोकला. त्या तळाचेच शहर झाले आणि म्हणून आजही त्याचे नाव ‘लष्कर’. माझ्या बहिणीच्या पत्त्यात ते अजून लिहावे लागते.

१८२७ साली दौलतराव वारले. मुलगा नव्हता. बायजाबाईंनी अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव जनकोजीराव ठेवले आणि राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतला. त्या घोड्यावर मांड ठोकणाऱ्या, हिशेबात पक्क्या आणि सावकारीत मुरलेल्या होत्या. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीभोवती जो खांबांचा मंडप आहे तो त्यांनीच १८२८ साली बांधविला. पण दत्तक मुलगा मोठा होऊ लागला तशी त्याला गादीची घाई झाली, आणि बाईंना कारभार सोडवेना. १८३३ च्या जुलैमध्ये फौज मुलाच्या बाजूने उभी राहिली आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. कंपनी सरकारनेही मुलाचीच सत्ता मान्य केली.

माझ्या वर्गात बायजाबाई इथेच संपत. ‘१८३३ : बायजाबाई पदच्युत’ एवढे फळ्यावर लिहून मी पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. एकूणपन्नासाव्या वर्षी घरातून आणि राज्यातून निघालेल्या बाईचे पुढे काय झाले, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, मीही नाही.

पुढे काय झाले याचे एक उत्तर फॅनी पार्क्स नावाच्या इंग्रज बाईच्या ग्रंथात आहे. १८५० साली प्रसिद्ध झालेले हे दोन जाडजूड खंड म्हणजे तिच्या हिंदुस्थानातील भटकंतीची रोजनिशी. फॅनीचा जन्म १७९४ चा, वेल्समधला. १८२२ साली ती नवऱ्याबरोबर कलकत्त्याला आली. नवरा कंपनीचा नोकर, पुढे अलाहाबादेस जकातीच्या कामावर. इतर मड्डमांप्रमाणे ती पंख्याखाली बसून राहिली नाही. ती हिंदुस्थानी भाषा शिकली, सतार शिकली, होडीतून यमुनेवरून ताजमहाल पाहायला गेली.

१८३५ साली फत्तेगडला या दोघींची गाठ पडली. बायजाबाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या, फॅनी चाळीस वर्षांची. तंबूंच्या छावणीत हद्दपारीचे दिवस काढणारी ही राणी फॅनीने बारकाईने पाहिली आहे. केस पिकलेले, शरीर काहीसे स्थूल, हातपाय लहान आणि सुबक, हसणे अतिशय गोड. विधवा म्हणून अंगावर दागिने जवळजवळ नाहीतच. बरोबर तरुण नात आणि घोड्यावर बसणाऱ्या मराठा बायकांचा परिवार.

दोघी बोलत कोणत्या भाषेत? एकीची मराठी, दुसरीची इंग्रजी. बोलणे चाले ते हिंदुस्थानीत, म्हणजे दोघींच्याही घरची नसलेल्या भाषेत. आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. शेजारणीची भाषा थोडी येत असली की मैत्रीला तेवढी पुरते, हे आपल्या आया-आज्यांनी पाणवठ्यावर केव्हाच सिद्ध केले आहे.

आता तो खोगिराचा प्रसंग. इंग्रज बायका घोड्यावर कशा बसतात, याविषयी छावणीत मोठे कुतूहल होते. त्या काळच्या इंग्रज स्त्रीने दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूला टाकून बसायचे, असा शिष्टाचार असे आणि त्यासाठी खोगीरही निराळेच असे. फॅनीने ते प्रत्यक्ष दाखवल्यावर मराठा बायकांना हसू आवरेना. अशी वाकडी होऊन एका बाजूला बसलेली बाई पडत कशी नाही, हेच त्यांना कळेना. त्यांच्या मुलखात बाई काष्टा घालून सरळ मांड ठोकते!

मग फॅनीची पाळी आली. तिला मराठी पद्धतीच्या खोगिरावर, दोन्हीकडच्या रुंद रिकिबींत पाय देऊन बसवण्यात आले. बसल्यावर तिला इतके निर्धास्त वाटले की, बायकांची घोड्यावर बसण्याची रीत बदलणाऱ्या आपल्याच एलिझाबेथ राणीच्या मूर्खपणाची तिला आठवण झाली, असे तिने लिहून ठेवले आहे. विलायतेतील सुधारलेली बाई हिंदुस्थानातल्या पडदानशीन बायकांकडून घोड्यावर मोकळेपणाने बसायला शिकते, यापेक्षा चांगले प्रहसन मोलिएरलाही सुचले नसते.

हसणे संपल्यावर गोष्टी निघाल्या, आणि त्या हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या. विधवेच्या वाट्याला येणारी व्रते, बंधने आणि उपेक्षा यांबद्दल बायजाबाई बोलल्या. फॅनीने आपल्या देशातल्या लग्न झालेल्या बाईची स्थिती सांगितली. त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे लग्न होताच बाईची जंगम मालमत्ता आणि कमाई नवऱ्याची होई. यात खरा बदल १८७० च्या आणि १८८२ च्या कायद्यांनी झाला. कायद्याने बायको ही नवऱ्याची गुलामच आहे आणि दाद मागायला जागा नाही, अशा अर्थाचे फॅनीने त्या भेटीच्या नोंदीत लिहिले आहे. म्हणजे राज्यकर्त्या जातीची मड्डम राज्य गमावलेल्या राणीसमोर बसून सांगते आहे की, बाई, आमच्याकडेही काही निराळे नाही.

मला या प्रसंगाचे मोल त्या हसण्याइतकेच वाटते. बायजाबाईंचे संकट लहान नव्हते. ज्याला मांडीवर घेतला त्या मुलाने घराबाहेर काढले होते. कंपनीचे अधिकारी त्यांना ग्वाल्हेरपासून दूर, काशीकडे सरकवू पाहत होते. पुढे अलाहाबादेस मुक्काम असताना हा तगादा वाढला. फॅनी एका साध्या अधिकाऱ्याची बायको. ती राज्य परत मिळवून देऊ शकत नव्हती, आणि ते दोघींनाही ठाऊक होते. तरी ती भेटायला जात राहिली, बाईंचे ऐकत राहिली, आणि आपल्या सरकारचे वागणे तिला रुचले नाही हे तिने लपवले नाही. संकट तसेच राहिले. पण त्यातली एक दुपार घोडा, खोगीर आणि हास्याचा कल्लोळ यांनी भरून गेली, आणि ती दुपार दोघींची होती.

पुढे बायजाबाई काशीला गेल्या, नंतर बरीच वर्षे नाशकाकडे राहिल्या, उतारवयात ग्वाल्हेरला परतल्या आणि १८६३ साली तिथेच वारल्या. ज्या गावाने बाहेर काढले त्याच गावात त्यांनी डोळे मिटले. फॅनी विलायतेत परतली, तिचे खंड छापले गेले. शिंद्यांच्या दरबारी कागदांत सापडणार नाही अशी बायजाबाईंची छबी आज मिळते ती एका मैत्रिणीने लिहून ठेवले म्हणून. पदच्युतीची तारीख सरकारने नोंदवली. हसणे कसे होते ते फॅनीने नोंदवले.

हे सारे मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भिशीच्या मंडळापुढे सांगितले. आयुष्यात प्रथमच पाच जणींनी माझे अर्धा तास न बोलता ऐकले. शेवटी स्वेच्छानिवृत्तीवाल्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, म्हणजे आम्ही जायला हरकत नाही, असंच ना?” मी तिकिटांचे पैसे काढून दिले. कबूल करायला हवे की, ते मी आधीच द्यायला हवे होते.

गोवा एक्स्प्रेस बेळगावहून थेट ग्वाल्हेरला जाते. आठ दिवस मी आणि स्वेच्छानिवृत्तीवाले गृहस्थ खानावळीत एकत्र जेवलो आणि भाताविषयी तक्रारी केल्या. रोज रात्री फोन येई. फुलबागेत त्यांनी राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे हात जोडले. जून १८५८ मध्ये राणी ग्वाल्हेरलाच पडल्या. किल्ल्यावर त्यांनी ‘सास-बहू’चे मंदिर पाहिले. खरे म्हणजे ते सहस्रबाहू विष्णूचे, कच्छपघात राजा महीपालाच्या वेळचे, १०९३ चा शिलालेख असलेले. बोलता बोलता लोकांनी ‘सहस्रबाहू’चे ‘सास-बहू’ केले. मोठे देऊळ सासूचे आणि धाकटे सुनेचे हे ऐकल्यावर या पाच जणींनी तिथे काय काय बोलून घेतले, ते मला अजून पूर्ण सांगितलेले नाही. माझ्या बहिणीने फोनवर एवढेच सांगितले, “अरे, इतकं हसू या घरात किती वर्षांत आलं नव्हतं.”

परतताना प्रत्येकीने चंदेरी घेतली. चंदेरी गाव ग्वाल्हेरच्या मुलखातलेच. ते विणकाम शिंद्यांच्या राज्यातले. चौघींच्या साड्या झाल्या. यजमान गेलेल्या बाई मात्र राखाडी रंगावर हात ठेवून बसल्या. दुकानदार डाळिंबी रंगाची घडी मोडून दाखवत होता आणि त्या नको नको म्हणत होत्या. तेव्हा गुडघेवाल्या बाई कन्नडात म्हणाल्या, “त्या राणीनं तुला बघितलं असतं, तर तुझ्याच घोड्यावर तुला उलटं बसवलं असतं!” दुकानदाराला कन्नड कळले नाही, पण सगळ्या हसू लागल्या तसा तोही हसू लागला. डाळिंबी साडी बांधून झाली.

मग संक्रांत आली. आमच्याकडे दरवर्षी हळदीकुंकू असते. गेली तीन वर्षे त्या बाई त्या दिवशी काही ना काही निमित्त काढून यायचे टाळीत आणि आमच्या घरातही त्यांना कोणी आग्रह करीत नसे. आग्रह न करणाऱ्यांत मी होतो. माझ्या आईच्या वेळेपासूनची रीत, एवढेच माझे कारण. यंदा सौ.ने मला न विचारता त्यांना बोलावणे पाठवले.

त्या आल्या, डाळिंबी चंदेरी नेसून. मी आतल्या खोलीत होतो. दार अर्धवट उघडे होते. गल्लीतल्या एकदोन म्हाताऱ्या बायकांची कुजबुज थांबली. सौ. करंडा घेऊन पुढे झाली आणि तिने आधी त्यांना हळदकुंकू लावले, मग तीळगूळ दिला, वाण हातात ठेवले. त्या क्षणभर गप्प उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “वाणात रुंद रिकिबी आहेत का गं?” आणि पाचही जणी हसल्या. म्हाताऱ्या बायकांना त्यातले काही कळले नाही, पण त्यांतली एकजण उठून त्यांच्या हाताला धरून त्यांना आपल्याशेजारी बसवून गेली.

यंदा दहावीच्या वर्गात जादा वाचनाच्या तासाला मी फळ्यावर ‘१८३३ : बायजाबाई पदच्युत’ असे लिहिले आणि त्याखाली ‘१८३५, फत्तेगड’ असेही लिहिले. एका मुलीने विचारले, “सर, तिथं काय झालं?”

मी खडू खाली ठेवला आणि खोगिराची गोष्ट सांगितली.